तपासणे

आमच्या ठाण्यात चुनखडी नाही.
येऊरला जा, पारसिकला जा, कुठेही हातोडी मारा,
काळा पत्थर खणकन उत्तर देतो
आणि आत घेत नाही.
म्हणून आम्ही चौघं वर्षभर रजा साठवतो
आणि फेब्रुवारीत मेघालयात जाऊन चिखलात लोळतो.
एलिझर रोहेकर, चष्म्यांच्या दुकानाचा मालक;
फिलोमिना, सिव्हिलमधली नर्स;
जोमा भोईर, ज्याचे खांदे
आजवर दोन भोकांत अडकलेत;
आणि मी.
मी वही धरते.

वही धरणारीने मागे राहायचं असतं.
पुढून जोमा ओरडतो: सात चाळीस. एकशे बारा. उणे नऊ.
मी तेच पुन्हा म्हणते, तो "हां" म्हणतो,
मगच पेन्सिल टेकवायची.
चिखलात एकाचा नऊ व्हायला वेळ लागत नाही,
आणि एका नवापायी
डोंगराबाहेर पडलेली गुहा मी कागदावर पाहिली आहे.

घरी आल्यावर पानं बेसिनमध्ये धुते.
चार दिवसांत मोजलेलं चार महिने काढते,
डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर.
उरलेल्या अर्ध्यावर जेवण.
आई दर वर्षी विचारते, सापडलं काय शेवटी?
मी सांगते, पुढे जातेय.
ती म्हणते, मग वरण वाढून घे.

यंदा जूनमध्ये पी-दोनच्या पार्किंगला
माझ्या स्कूटरच्या सीटवर पांढरा थेंब वाळलेला.
वर पाहिलं.
स्लॅबच्या भेगेतून खाली आलेल्या नळ्या,
स्ट्रॉसारख्या पोकळ, नखाएवढ्या, बोटाएवढ्या,
प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब
पडू की नको करत.
भूगोलाच्या पुस्तकात याला लवणस्तंभ म्हणायचे.
मीठ नाही आणि खांबही नाही.
सिमेंटमधला चुना आहे, वरच्या बागेला घातलेलं पाणी आहे.
तिकडे जे व्हायला हजार वर्षं लागतात
ते सोसायटीने बारा वर्षांत केलं,
मेन्टेनन्स थकवून.

सेक्रेटरींचं पत्रक लिफ्टमध्ये लागलं:
गळतीमुळे गाड्यांचा रंग खराब होत आहे.
सोमवारी कामगार येतील. गाड्या हलवाव्यात.

रविवारी रात्री एलिझरला फोन केला.
आला. नाइट पँटवर, डोक्याला दिवा लावून.
आम्ही मोजलं. सत्तावीस स्टेशनं,
पहिलं रॅम्पच्या तोंडाशी, शेवटचं पंपरूमच्या दारात.
तो आकडे सांगत होता हळू आवाजात,
मी तितक्याच हळू परत म्हणत होते,
आणि सगळ्यांत लांब नळीपाशी,
एकोणीस सेंटीमीटर,
दोघांनीही दिवे विझवले. सवयीने.
अंधार काही पुरा झाला नाही,
कोपऱ्यात एक्झिटची हिरवी पाटी होती.
पण थेंब ऐकू आला.

टॉर्च धरून लहानू उभा होता, रात्रपाळीचा वॉचमन.
बाई, बिल्डिंग पडणार का?
नाही रे. नकाशा काढतेय.
उद्या तर फोडणारेत.
म्हणून तर.
त्याने मान हलवली, जशी आजारी माणसापुढे हलवतात.

सोमवारी दुपारपर्यंत सगळं साफ.
खाली चुऱ्याची रांगोळी, वर रंगाचा ताजा वास.
नकाशा मी टेबलावर पसरला,
गुहेच्या नकाशाशेजारी, तोच कागद, तीच खूण:
रेघ तुटते तिथे तुटक टिंबं, आणि जिथून हवा लागते
तिथे प्रश्नचिन्ह.
पार्किंगच्या नकाशात प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं.
पहिल्यांदाच माझा एखादा नकाशा पूर्ण झाला होता,
आणि मला तो बघवेना.

रात्री स्कूटर लावताना लहानूच म्हणाला,
आमच्याकडं डोळखांबला, गावामागच्या डोंगरात
एक भोक आहे. साळिंदर जातं त्यात.
माझा आजा दोर बांधून गेला होता,
दोर संपला, तसा आला.

मी म्हटलं, शहापुरात काळाच पत्थर, लहानू.
काळ्या पत्थरात जागा नसते.

ते मला नाय माहीत, तो म्हणाला,
पण उन्हाळ्यात आम्ही पोरं तिथं तोंड लावून बसायचो.
आतून वारा येतो.
गार.

वही स्कूटरच्या डिकीतच होती.
डोळखांब, लिहिलं. साळिंदर. दोर किती लांब, विचारणे.
वारा.
"वारा?" मी पुन्हा म्हटलं, जोमाशी म्हणते तसं.
"हां," लहानू म्हणाला.
मग पेन्सिल टेकवली.